डोकं दुखलं तर आधी बीपी, कळा आल्या तर आधी घड्याळ: पहिलटकरणीसाठी

कोल्हापुरात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. माहेरी बाळंतपणाला आलेल्या पोरींना आणि त्यांच्या आयांना रोज तोंडी सांगते, तेच इथे लिहून काढतेय. तोंडी सांगितलेलं घाईत विसरतं. लिहिलेलं नवऱ्याला, सासूला, भावाला वाचायला देता येतं.

एक उलटी गोष्ट आम्ही कायम बघतो. पोटात पहिली बारीक कळ आली की सगळं घर रिक्षात बसून दवाखान्यात हजर होतं. आणि जिचं डोकं तीन दिवस ठणकतंय, ती मात्र कपाळाला सुंठेचा लेप लावून घरात पडून असते. खरं तर पहिलटकरणीच्या कळांना पुष्कळ वेळ असतो. शेवटच्या महिन्यांतल्या डोकेदुखीला तो नसतो.

पन्हाळ्याकडची एक पोर आठवते. आठवा महिना सरत आलेला. "तीन दिवस झालं, मी झोपलोच नाही सिस्टर," एवढंच म्हणाली आणि डोळ्यांवर पदर ओढून बसली, उजेड सहन होत नव्हता. आई म्हणाली, "पित्त चढलंय, दुसरं काय नाही. एक इंजेक्शन द्या, लगेच निघतो." मी बीपीचा पट्टा बांधायला तिचा हात हातात घेतला. ओटी भरताना घातलेला हिरवा चुडा मनगटात रुतून बसला होता, दोन बांगड्यांच्या मधली कातडी फुगून वर आली होती. मी विचारलं, हे कधीपासून? आई म्हणाली, "परवापर्यंत तर सैल होत्या." बीपी निघालं १७०/११२. लघवीत प्रोटीन भरपूर. साबण लावून बांगड्या काढल्या, दोन निघेचनात, त्या वाढवाव्या लागल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, मावशी, चुडा परत भरता येईल. त्या रात्री औषधं सुरू झाली, दुसऱ्या दिवशी बाळ झालं. लहानखुरं होतं, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, पण दोघंही सुखरूप घरी गेली. आणखी एक रात्र घरी काढली असती तर काय झालं असतं, हे आजही मनात येतं.

म्हणून आधी डोकेदुखीचं सांगते, मग कळांचं.

पहिलं काम: आपले आठवडे पाठ कर

"आठवा लागलाय", "नववा चालू आहे" याने घरातलं भागतं, दवाखान्यात आठवडे लागतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे २८० दिवस मोजले की डॉक्टरांनी दिलेली तारीख येते. त्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पुरे झाल्यावर कळा आल्या तर घाबरायचं कारण नाही. ३७ च्या आत आल्या तर एकही तास वाट बघायची नाही. आणि २० आठवड्यांनंतर वाढलेलं बीपी म्हणजे गरोदरपणातलं बीपी समजून तपासायचं. पहिल्या तीन-चार महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिच्यावरून काढलेली तारीख जास्त भरवशाची. ती तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव आणि घरातल्या आणखी एका माणसाला पाठ करून घ्यायला लाव.

डोकं दुखायला लागलं तर

पोट वाढलेलं असताना डोकं दुखायला साधी कारणंही पुष्कळ असतात. रात्री चार वेळा लघवीला उठल्यामुळे झोप मोडते. पोट दबल्यामुळे दोन घासांत पोट भरतं, मग मधे उपाशी राहणं होतं. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून पोरी पाणीच कमी पितात. मे महिन्याच्या उन्हात तर हे हमखास. दिवसाला चार कप चहा घेणारीने एकदम चहा बंद केला तरी दोन-तीन दिवस डोकं धरतं. रक्त कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, तर थकव्याबरोबर डोकंही जड राहतं. सर्दीने गच्च झालेलं नाक, चष्म्याचा बदललेला नंबर, आधीपासूनची अर्धशिशी, हीही कारणं असतातच.

पण यातलं कारण कोणतं हे ठरवायच्या आधी एक काम करायचं: बीपी मोजायचं. आधी बीपी, मग पित्त. हा क्रम उलटा झाला की घात होतो. पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीखाली किंवा बरोबर मधे दुखणं, मळमळणं, उलटी होणं, ही बीपी वाढल्याचीच लक्षणं असू शकतात, आणि ती पित्तासारखीच दिसतात. कोकम सार घेऊन, खायचा सोडा घेऊन बरं वाटेल म्हणून वाट बघत बसलेली माणसं मी फार बघितलीत.

बीपी कुठे मोजशील? गावात उपकेंद्र आहे, आशाताई आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. शहरात जवळचा कुठलाही दवाखाना चालतो, त्यासाठी नाव घातलेलंच हॉस्पिटल गाठायला नको. घरात दंडाला बांधायचं मशीन असेल तर उत्तम. मनगटाचं मशीन घेऊ नका, त्याचा आकडा हाताच्या ठेवणीप्रमाणे हलतो.

मोजताना काय करायचं ते नीट सांगते, कारण चुकीचं मोजून "नॉर्मल आहे" म्हणत बसणं हे न मोजण्यापेक्षा वाईट. आधी लघवीला जाऊन ये. अर्धा तास आधी चहा नको. पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटं शांत बस. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक टाकलेले नकोत. मशीनचा पट्टा ब्लाऊजच्या बाहीवर गुंडाळू नका, उघड्या दंडावर बांधा, कोपराच्या दोन बोटं वर. हात टेबलावर असा ठेव की दंड छातीच्या उंचीला येईल. मोजून होईपर्यंत बोलायचं नाही, फोनवर तर मुळीच नाही. आकडा आला की पाच मिनिटांनी परत एकदा मोज आणि दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेव.

आता आकड्यांचा अर्थ. वरचा १४० किंवा खालचा ९०, दोन्हींतला एक जरी तिथे पोचला आणि डोकं दुखत असलं, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या नाही. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला तर जेवण, अंघोळ, कपडे बदलणं काही नाही, निघायचं. आणि आकडा १४०/९० च्या खाली आहे पण तुझं नेहमीचं बीपी १००/६० होतं आणि आता १३०/८५ दिसतंय, तर तेही डॉक्टरांना फोन करून सांग. नेहमीचं बीपी कार्डावर प्रत्येक तपासणीला लिहिलेलं असतं, ते बघ.

खाली लिहिलंय त्यातलं काहीही डोकेदुखीबरोबर असेल, तर आकडा कितीही चांगला येवो, दवाखान्यात जायचं:

- डोळ्यांपुढे काजवे चमकणं, ठिपके नाचणं, धूसर किंवा एकाचं दोन दिसणं
- तोंड, पापण्या, हात सुजणं. अंगठी, बांगडी, मंगळसूत्राची चेन अचानक घट्ट होणं. दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढणं
- उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखणं, उलट्या
- लघवी फार कमी होणं, दम लागणं
- हातपाय थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं

पायाला संध्याकाळी थोडी सूज येणं नववा महिना असलेल्या बहुतेकींना होतं, ती रात्री पाय उंचावर ठेवल्यावर उतरते. सकाळी उठल्याबरोबर चेहरा सुजलेला असेल तर ते वेगळं. आरशात बघ, आणि घरच्यांना विचार, "माझं तोंड कालपेक्षा जड दिसतंय का?" आपल्या आपल्याला ते कळत नाही.

आणखी एक वेगळा प्रकार, विरळा पण लक्षात ठेवण्यासारखा: आयुष्यात कधी नव्हतं इतकं जोरात, एकदम डोकं फुटल्यासारखं दुखलं, किंवा दुखण्याबरोबर ताप आणि मान ताठ झाली, किंवा बोलताना जीभ जड झाली, एका बाजूचा हात लुळा पडला. यात बीपी मोजत बसायचं नाही, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावायचा.

बीपी चांगलं आहे, वरच्यातलं काहीही नाही, तर मग घरगुती उपाय. पाणी पी, काहीतरी खा, अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर तासभर पड. डॉक्टरांनी आधी चालेल म्हणून सांगितलं असेल तर पॅरासिटामॉलची ५०० ची एक गोळी. तासा-दीड तासात उतरलं तर बरं. गोळी घेऊनही उतरलं नाही, किंवा उतरून परत आलं, तर तीच गोष्ट डॉक्टरांना सांगायची. गोळीला न जुमानणारी डोकेदुखी हे स्वतःच एक लक्षण आहे.

मेडिकलमधून "डोकेदुखीची गोळी द्या" म्हणून आणायची नाही. अशा मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याने बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते आणि बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. मात्र डॉक्टरांनी रोजची छोटी ॲस्पिरिन दिली असेल तर हे वाचून ती बंद करू नकोस. ती बीपी वाढू नये म्हणूनच दिलेली असते, आणि कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील.

मिठाचं खूपजणी विचारतात. खर्डा, लोणचं, पापड, तांबडा रस्सा, आमचं कोल्हापूरचं खाणंच तसं. तिखट-मीठ बेतात असावं हे खरं, पण गरोदरपणातल्या बीपीचा हा आजार मिठामुळे होत नाही आणि मीठ बंद करून टळत नाही. अळणी जेवतेय म्हणून मला काही होणार नाही, असं धरून चालू नये. या आजारात खरा इलाज बाळंतपणच असतो. तोवर बीपी आटोक्यात ठेवायला औषधं आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं देतात. ते सगळं दवाखान्यात होतं, घरी नाही.

आणि घरीच आकडी आली तर, हे घरच्यांसाठी: तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोचणारं, आपटणारं सामान बाजूला करा, १०८ लावा, घड्याळात वेळ बघा. दातांत चमचा घालायचा नाही. हात-पाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल नाकाला लावण्यात जी दोन मिनिटं जातात, ती फोन लावण्यात घालवा. झटका थांबून ती शुद्धीवर आली तरी पाणी पाजू नका, आणि "आता बरी आहे" म्हणून घरी ठेवू नका.

बाळाची हालचाल

एवढं रोज करायचं. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाचं फिरणं मोज. लाथ, कूस बदलणं, ढुशी, सगळं धरायचं. दोन तासांत १० वेळा हलायला हवं. बहुतेकदा त्याच्या आधीच होतात. "बाळंतपण जवळ आलं की बाळ शांत होतं" असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते खरं नाही. शेवटी जागा कमी झाल्यामुळे लाथेऐवजी वळवळ जाणवते, पण मोजणी घटत नाही. हालचाल कमी वाटली तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघ. आम्ही ठोके बघतो, सगळं ठीक असेल तर परत पाठवतो. उगीच आलीस म्हणून कोणी रागावणार नाही, आणि रागावलंच तर रागावू दे.

कळा: खऱ्या कुठल्या, खोट्या कुठल्या

बाळंतपण जवळ आल्याच्या खुणा काही दिवस आधीपासून दिसतात. पहिलटकरणीचं पोट दोन-चार आठवडे आधी खाली उतरतं, श्वास मोकळा होतो आणि लघवी जास्त होते. कंबर धरते. कधी जुलाब होतात. चिकट, गुलाबीसर किंवा तांबूस रेघा असलेला स्राव जातो. पिशवीच्या तोंडावरचं बूच निघालं असं आम्ही म्हणतो. बूच गेल्यावर कळा काही तासांत येतात किंवा आठवडाही लागतो. नुसत्या त्यावरून पळत यायची गरज नाही.

खोट्या कळांमध्ये पोट पुढून दगडासारखं घट्ट होतं आणि सुटतं. दुखतंही थोडं. पण त्यांना ताल नसतो. उठून चार पावलं चाललं, पाणी प्यालं, लघवीला जाऊन आलं, कूस बदलली की त्या विरतात. खरी कळ बहुतेकींना कमरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात उतरते, चालल्याने थांबत नाही, आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात, लवकर आणि जास्त वेळ येते. एक साधी खूण: कळ चालू असताना तुला बोलता येतंय, हसता येतंय, तर अजून वेळ आहे. बोलता बोलता वाक्य मधेच तुटलं, हात भिंतीला गेला, तर घड्याळ काढायचं.

घड्याळ कसं लावायचं? एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर मोजायचं. संपल्यापासून नव्हे, इथे बहुतेकजण चुकतात. आणि कळ किती सेकंद टिकली तेही लिहायचं. कसबा बावड्याचा एक नवरा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेऊन आला होता. आदल्या रात्रीचं पान असं होतं: ११:००, ११:२५, ११:३५, १२:१०, आणि पुढे काही नाही. त्या खोट्या होत्या, ती झोपून गेली. दुसऱ्या रात्रीचं: २:००, २:११, २:२१, २:३०, २:३८, २:४५, आणि शेजारी ३०, ३५, ४०, ४५, ५०, ५० सेकंद. अंतर घटतंय, मुदत वाढतेय. हे पान बघितल्यावर आम्हाला आणखी काही विचारावं लागलं नाही.

पहिलटकरणीने, सगळं सुरळीत असेल आणि घर दवाखान्यापासून जवळ असेल तर, दर पाच मिनिटांनी कळ येतेय, एकेक साधारण मिनिटभर टिकतेय आणि हे तासभर चाललंय, अशा वेळी निघावं. त्याआधी घरी राहिलेलंच बरं. पिशवीचं तोंड १० सेंटीमीटर उघडायचं असतं, आणि पहिल्या खेपेला सुरुवातीचे काही सेंटीमीटर उघडायलाच बारा-पंधरा तास जाऊ शकतात. तो वेळ वॉर्डातल्या कॉटवर पडून काढण्यापेक्षा घरात फिरत, गरम पाण्याने अंघोळ करत, मऊ भात-तूप, पेज असं हलकं खात काढला तर अंगात ताकद राहते. कमरेला कोणीतरी तळव्याने दाबून दिलं की फार बरं वाटतं. कळ नसेल तेव्हा पडून राहा, झोप लागली तर झोप.

दुसरी खेप असेल तर हा हिशेब धरू नकोस. दर दहा मिनिटांना ताल धरला की निघ, दुसरी बाळंतपणं भराभर होतात.

कळा लवकर याव्यात म्हणून एरंडेल देतात, तो प्रकार बंद करा. जुलाब होऊन पोरगी गळून येते आणि खऱ्या कळांच्या वेळी जोर करायला अंगात काही उरत नाही. गावात कोणी "कळांचं इंजेक्शन" घरी येऊन देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. त्या इंजेक्शनाने बाळाचे ठोके बिघडू शकतात, पिशवी फाटू शकते. ते फक्त दवाखान्यात, मोजून, ठोके बघत देतात.

कधी घड्याळ बघायचंच नाही

पाणी गेलं तर. कधी भसकन जातं, अंथरूण भिजतं. कधी थेंब थेंब गळत राहतं आणि लघवी वाटते. लघवी रोखता येते, हे रोखता येत नाही, आणि त्याला लघवीचा वास नसतो. स्वच्छ पॅड लाव, वेळ बघ, रंग बघ. पाण्यासारखं किंवा किंचित गुलाबी असेल तर शांतपणे पण लगेच निघ, कळा नसल्या तरी. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते, तेव्हा घाई कर. कापूस, कापड काहीही आत घालायचं नाही. पाण्याबरोबर नाळ खाली आल्यासारखी हाताला लागली किंवा दिसली तर गुडघे आणि कोपरांवर ओणवी हो, कंबर वर, डोकं खाली, आणि गाडीतही तशीच राहा. नाळ आत ढकलायची नाही.

लालभडक रक्त गेलं तर. तांबूस चिकट स्राव वेगळा, पाळीसारखं रक्त वेगळं. पॅड भिजायची वाट बघू नका. पोट सुटतच नसेल, सलग कडक राहून दुखत असेल तर रक्त दिसो न दिसो, निघा.

आधी सिझर झालेलं असेल, जुळी असतील, बाळ पायाळू असेल, बीपी असेल किंवा ३७ आठवडे पुरे झालेले नसतील, तर पहिल्या तालबद्ध कळेलाच ये. कमी दिवसांच्या बाळासाठी फुप्फुसं तयार करणारी इंजेक्शनं आईला देता येतात, पण ती लागू पडायला वेळ लागतो. लवकर आलीस तर तो वेळ मिळतो.

रस्ता आधीच ठरवून ठेवा

हे पोरीपेक्षा घरच्यांनी वाचावं. सातवा महिना लागला की एक दिवस बसून ठरवा: कुठल्या दवाखान्यात, कोणाच्या गाडीतून, रात्री गाडी नाही मिळाली तर काय, घरात दुसरं मूल असेल तर ते कोणाकडे.

१०८ आणि १०२ दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. १०८ तातडीसाठी: आकडी, रक्तस्राव, बेशुद्धी. १०२ ची गाडी गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला आणि बाळंतपणानंतर घरी सोडायला मोफत आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, लागलं तर सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि तिथलं जेवण यांना पैसे पडत नाहीत. गुंतागुंत असेल तर तालुक्याहून बहुतेकवेळा शहरातल्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात पाठवतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास मोफत तपासणी असते. बीपी आणि लघवीची तपासणी चुकलेली असेल तर ती तारीख धरा.

अंतर विसरू नका. चंदगडहून कोल्हापूर १०० किलोमीटरच्या वर आहे, गगनबावड्याहून पन्नासच्या वर. अशा ठिकाणी "दर पाच मिनिटांची कळ" येईपर्यंत थांबलात तर बाळ वाटेतच व्हायचं. तिथून कळांना ताल आला की लगेच निघा. बीपी, आधीचं सिझर, जुळं असं काही असेल तर शेवटचे दोन आठवडे शहरातल्या नातेवाइकांकडे येऊन राहिलेलं चांगलं.

जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर पंचगंगेकडेही लक्ष हवं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा बंद पडला होता, गगनबावड्याचा रस्ता तर दर मोठ्या पावसात पाण्याखाली जातो. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत राहणाऱ्यांनी इशारा पातळीची बातमी आली की गरोदर बाईला आधी बाहेर काढावं, जनावरं आणि सामान नंतर. बोटीत कळा सुरू झालेल्या बाईची अवस्था काय असते, ते ज्यांनी पुरात काम केलंय त्यांना विचारा. हिवाळ्यात पूर नसतो पण ऊस असतो. गळीत हंगामात रात्री कारखान्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, तेव्हा अर्ध्या तासाच्या वाटेला तास धरा. गणपती विसर्जनाच्या दिवशी आणि नवरात्रात महाद्वार रोड, बिंदू चौकाकडून गाडी काढायचा विचारच करू नका. बाहेरून वळसा घालून जायचा रस्ता आधी बघून ठेवा.

पिशवी आठव्या महिन्यातच भरून दाराजवळ ठेवा. वर कागद: कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. खाली तिच्यासाठी दोन गाऊन, पॅड, चादर, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर. बाळासाठी जुन्या धुतलेल्या सुती साडीची दुपटी, झबली, कुंची. नवीन कपडे न धुता आणू नका. बांगड्या, अंगठ्या, जोडवी घरीच उतरवून ठेव. सूज आल्यावर निघत नाहीत.

बाळ झाल्यावरही

बाळंत झाली म्हणजे बीपीचा धोका संपला, असं धरून पुष्कळजण निर्धास्त होतात. बीपी बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात वाढू शकतं, आकडी येऊ शकते, आणि ज्यांना गरोदरपणी बीपी नव्हतं त्यांनाही. सहा आठवड्यांपर्यंत डोकेदुखीला तोच नियम: आधी बीपी. घरी सोडताना विचारून घे, बीपी पुन्हा कधी मोजायचं, गोळ्या किती दिवस. बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही.

सिझरला पाठीत इंजेक्शन दिलेलं असेल आणि उठून बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं, तर तो वेगळा प्रकार आहे, त्यावर इलाज आहे. अंगावर काढू नकोस, कळव.

आणि शेगडी. बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवतात, शेक-शेगडीसाठी. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. आईचं डोकं दुखायला लागतं, मळमळतं, गुंगी येते, आणि शेजारी बाळ तीच हवा घेत असतं. तसं झालं तर आधी दोघांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या, खिडकी उघडी ठेवा.

गरोदरपणी बीपी वाढलेलं असेल तर सहा आठवड्यांनी एकदा बीपी आणि लघवी तपासून घे, आणि तो कागद जपून ठेव. पुढच्या खेपेला दिवस राहिले की पहिल्याच भेटीत तो डॉक्टरांना दाखव. ती छोटी ॲस्पिरिन तिसरा महिना संपता संपता सुरू केली तर उपयोगी पडते. सहाव्या-सातव्या महिन्यात आठवण करून दिलीस तर उशीर झालेला असतो.